बैलघोडा दवाखान्यातली कुत्री-मांजरं

१८६० सालच्या भारतीय दंडसंहितेत जनावराला ठार मारणे, विष घालणे किंवा निरुपयोगी करणे या गुन्ह्यासाठी दोन कलमे होती. हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, गाय, बैल यांपैकी कुणालाही मारले तर त्याची किंमत कितीही असो, पाच वर्षांपर्यंत कैद. बाकीच्या प्राण्यांची मात्र आधी किंमत पाहिली जाई. पन्नास रुपये किंवा अधिक मोलाचा असेल तर तीच पाच वर्षे, दहा रुपये किंवा अधिक मोलाचा असेल तर दोन वर्षे. कुत्रे आणि मांजर या दुसऱ्या रांगेत उभे होते, आणि दहा रुपयांचेही नसलेले बेवारस कुत्रे या कलमांच्या कक्षेतच येत नव्हते. जुलै २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा कुठे ही किमतीची अट गेली. कुत्रा रात्री दोन वाजता कोसळला तर न्यायचे कुठे, त्याचे पोट फुगले आहे ते साधे अपचन की प्राणसंकट, हे घरातल्या कुणाला कळत कसे नाही, असले प्रश्न आपण आज विचारतो. त्यांची मुळे या किमतीच्या हिशेबात आहेत. कुत्र्यामांजरांचे तातडीचे वैद्यक उशिरा आले, याचे कारण शरीराचे ज्ञान कमी पडले हे नव्हे. ते ज्ञान बरेच आधी हाती आले होते, आणि त्यातले पुष्कळसे कुत्र्याच्याच शरीरातून आले होते. या प्राण्याचा जीव वाचवण्यासाठी धावपळ करावी, एवढे त्याचे मोल मानायला समाजाला वेळ लागला.

आपल्याकडची पशुवैद्यकाची परंपरा जुनी आहे आणि तिचा अभिमान रास्त आहे. शालिहोत्राच्या नावाने घोड्यांचे वैद्यक आले, पालकाप्याच्या नावाने हत्तींचे. अशोकाच्या गिरनारच्या शिलालेखातल्या दुसऱ्या लेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशा दोन्हींची व्यवस्था केल्याचे सांगितले आहे. पण घोडा आणि हत्ती हे सैन्याचे बळ होते. कुत्रा या परंपरेत ठळकपणे दिसतो तो वेगळ्याच ठिकाणी. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, म्हणजे विषांच्या प्रकरणात, पिसाळलेल्या कुत्र्याचे वर्णन आहे: शेपटी, जबडा आणि खांदे लोंबलेले, तोंडातून लाळ गळते आहे, धड दिसत नाही, ऐकू येत नाही, वाट फुटेल तिकडे धावतो आहे. चावलेल्या माणसाला पाण्याची भीती वाटू लागली की तो वाचत नाही, हेही तिथे नोंदले आहे. निरीक्षण इतके नेमके आहे की आजच्या डॉक्टरलाही ते ओळखीचे वाटेल. मात्र ते माणसाला वाचवण्यासाठी केलेले आहे. कुत्र्याच्या शरीरातला बिघाड ओळखण्याची पहिली निकड भासली ती कुत्रा धोकादायक ठरतो तेव्हा, आणि पुढची दोन हजार वर्षे हाच धागा टिकला.

याला एक ठळक अपवाद आहे, आणि तो मुंबईच्या इतिहासात फार महत्त्वाचा ठरला. पारशांच्या वंदिदाद या धर्मग्रंथाचा तेरावा अध्याय कुत्र्यांविषयी आहे. ज्या कुत्र्याचे भान हरपले आहे, ज्याला वास येत नाही, त्याच्यावर एखाद्या धर्मबांधवावर करावेत तसे उपचार करावेत, असे तिथे सांगितले आहे. उपचार चालले नाहीत तर त्याला बांधून सांभाळावे, कारण मोकळा सोडला तर तो खड्ड्यात, विहिरीत, नदीत पडून मरेल आणि तो दोष माणसांचा. आजारी कुत्र्याची जबाबदारी घरच्यांची, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे जुने लेखन क्वचितच सापडते. पारशांच्या अंत्यविधीतही मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा सगदीद नावाचा संस्कार आहे. म्हणून १८३२ च्या उन्हाळ्यात मुंबई सरकारने बेवारस कुत्री मारण्याची मोहीम लांबवली, मारलेल्या कुत्र्यामागे शिपायांना बक्षीस मिळू लागले आणि त्या लोभापायी पाळलेली कुत्रीही घरांतून ओढून नेली जाऊ लागली, तेव्हा रस्त्यावर उतरले ते पारशी. जूनच्या ६ आणि ७ तारखेला बाजार बंद पडले, कोटातल्या गोऱ्यांचा रसदपुरवठा थांबला, लष्कर बोलवावे लागले. हिंदू, जैन आणि मुसलमानही या बंदात सामील झाले. मुंबईच्या इतिहासातला हा पहिला मोठा सार्वजनिक निषेध कुत्र्यांच्या जिवासाठी होता, आणि शाळेच्या पुस्तकांत त्याला जागा नाही याचे मला वाईट वाटते. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि शहरातले जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. तिथे आसरा मिळाला, अन्नपाणी मिळाले. उपचार मात्र नव्हते. पांजरपोळ मरणाऱ्याला निवारा देत होता. त्याला मरणापासून मागे ओढण्याची विद्या अजून त्या दारात पोहोचायची होती.

ती पोहोचली परळला. मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था १८७४ मध्ये स्थापन झाली होती. गाड्यांच्या बैलांची, ट्रॅमच्या घोड्यांची हालत पाहून दिनशा माणेकजी पेटिट यांनी जागा आणि पैसा दिला, आणि १८८३-८४ च्या सुमारास त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे इस्पितळ सुरू झाले. १८८६ च्या ऑगस्टमध्ये त्याच आवारात मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय भरू लागले. जेम्स हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. परळकरांच्या तोंडी हा दवाखाना ‘बैलघोडा’ म्हणून रुळला आणि आजही टॅक्सीवाल्याला तेवढे सांगितले की पुरते. लोकांनी अचूक नाव ठेवले होते, कारण दवाखाना खरोखरच बैल आणि घोड्यांसाठी होता. यात पेटिटांचा दोष काढण्यासारखे काही नाही. जगभर पशुवैद्यक असेच जन्मले. फ्रान्समध्ये लियाँला १७६० च्या दशकात पहिली पशुवैद्यक शाळा निघाली, तिच्यामागे घोडा होता आणि बुळकांडीने मरणारी गुरे होती. पुण्यात १८६२ मध्ये लष्कराने पशुवैद्यकाची शाळा काढली ती घोडदळासाठी. १८८९ मध्ये पुण्यातच सुरू झालेली आणि पुढे मुक्तेश्वरला हललेली सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा गुरांच्या साथींसाठी होती. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या डॉक्टराला गाय अडली तर काय करायचे ते ठाऊक असे. मांजर हे त्याच्या अभ्यासाच्या कडेला कुठेतरी असे.

इथे कुणी म्हणेल, गुरांची तातडी ओळखणारा समाज कुत्र्यामांजरांचीही ओळखू शकला असता, मग अडले कुठे? गुरांविषयीची ग्रामीण नजर पक्की होती यात शंका नाही. ओला हिरवा चारा खाऊन बैलाची डावी कूस फुगली की घरातले पोरही ओरडत येई, आणि घरात तेल असेल तर बांबूच्या नळकांड्याने ते पाजले जाई. रवंथ थांबले, नाकपुडी कोरडी पडली, शेणाचा पोत बदलला, हे सगळे रोज पाहिले जाई, कारण बैल गेला तर पेरणी गेली. अडचण अशी की ही नजर जशीच्या तशी दुसऱ्या प्राण्याला लावता येत नाही. ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्या कुत्र्याचे पोट फुगते तेव्हा अनेकदा जठर स्वतःभोवती पिळलेले असते. रक्तपुरवठा तुटतो, कुत्रा ओकाऱ्या काढतो पण बाहेर काही पडत नाही, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो जातो. त्याच्या घशात तेल ओतणे म्हणजे वेळ घालवणे, शिवाय ते फुप्फुसात जाण्याचा धोका. गोठ्यात पिढ्यान्‌पिढ्या साचलेले शहाणपण कुत्र्याबाबत साचलेच नव्हते, कारण कुत्रा अंगणात, मांजर माळ्यावर, आणि दोघांच्या आजारपणावर कुणाचे पोट अवलंबून नव्हते. कुत्रा दिसेनासा झाला की ‘कुठे तरी जाऊन मेला असेल’ म्हणून विषय संपे.

प्रयोगशाळेत मात्र याच कुत्र्याच्या शरीरातून तातडीच्या वैद्यकाचे जवळजवळ सगळे धडे गिरवले जात होते. ऑक्सफर्डमध्ये रिचर्ड लोअर यांनी १६६५ च्या सुमारास रक्त एका जिवातून दुसऱ्यात घालण्याचे पहिले यशस्वी प्रयोग केले ते कुत्र्याकडून कुत्र्याकडे. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन सिद्ध केले ते स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवर. मोठ्या जखमेनंतर माणूस ‘शॉक’मध्ये का जातो, या कोड्याला १९३० मध्ये आल्फ्रेड ब्लालॉक यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून उत्तर दिले: रक्ताभिसरणातले द्रव कमी होते म्हणून. आज अपघात विभागात शिरताक्षणी सलाईन लावले जाते, त्यामागे ही कामे आहेत. सर्वांत बोलके उदाहरण हृदय दाबण्याच्या क्रियेचे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कूवेनहोवन हे विद्युत अभियंते बंद पडलेले हृदय झटक्याने सुरू करण्याचे यंत्र कुत्र्यांवर तपासत होते. १९५८ मध्ये त्यांचे सहकारी गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आले की यंत्राची जड तबकडी कुत्र्याच्या छातीवर दाबली की, झटका देण्याआधीच, रक्तदाबाची रेघ वर उचलली जाते. जेम्स ज्यूड या शल्यचिकित्सकाच्या साथीने त्यांनी हे माणसावर आणले आणि १९६० मध्ये वीस रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. छाती दाबून प्राण परत आणण्याची जी रीत आज पोलीस आणि शाळकरी मुले शिकतात, तिची ही सुरुवात. त्याच कुत्र्याचे हृदय बंद पडले तर काय करावे, याविषयी पुराव्यांवर आधारलेली पहिली सर्वमान्य मार्गदर्शक तत्त्वे आली ती २०१२ मध्ये. मधली बावन्न वर्षे माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा आहेत. या काळात कुत्र्याचे हृदय कसे चालते, कसे थांबते, हे माणसाला पक्के माहीत होते.

प्रयोगांविना माणसे मेली असती, असा आक्षेप यावर येईल, आणि तो खरा आहे. या प्रयोगांना गुन्हा ठरवणे हा माझा हेतू नाही. इन्सुलिन नको होते असे कोण म्हणेल? म्हणणे एवढेच, की घेतलेले ज्ञान परत करायला अर्धे शतक लागण्याचे वैद्यकीय कारण काहीच नव्हते.

या काळात भारतात कुत्र्याची दखल घेतली जात होती ती रेबीजच्या निमित्ताने. १८८५ मध्ये पाश्चर यांनी लस टोचली, १९०० मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली, तिथे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली, आणि ‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही धास्ती मराठी घरांत तीन-चार पिढ्या नांदली. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लस बंद झाली. कुत्र्याच्या वागण्यातला बदल ओळखायचा तो स्वतःला वाचवण्यासाठी, हे सुश्रुतापासूनचे सूत्र यात कायम होते. मांजराला तर तेवढीही दखल मिळाली नाही. प्लेगच्या काळात अमरावतीला असलेले बुकॅनन नावाचे लष्करी डॉक्टर १९०८ च्या सुमारास मांजरे पाळा म्हणून आग्रहाने सांगत होते, कारण मांजर असलेल्या घरात उंदीर कमी आणि म्हणून प्लेग कमी. सल्ला विचार करण्याजोगा होता. पण मांजर आजारी पडले तर काय, हा प्रश्न त्यात उद्भवत नव्हता.

बदल घडला तो कुत्रा-मांजर उंबरठ्याच्या आत आल्यावर. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये १९१७ साली मारिया डिकिन यांनी गरिबांच्या प्राण्यांसाठी मोफत दवाखाना काढला, आणि पाळीव प्राण्याचा उपचार ही फक्त श्रीमंतांची हौस नाही हे दाखवून दिले. १९७८ मध्ये पार्वो विषाणू एकाएकी जगभर पसरला. पिल्ले रक्ताच्या उलट्या-जुलाबांनी दोन-तीन दिवसांत सुकून जाऊ लागली, आणि विषाणूवर औषध नसताना केवळ सलाईन, ऊब आणि रात्रभराची देखरेख यांवर अनेक वाचू लागली. रात्रभर जागे राहणारा दवाखाना हवा, ही जाणीव या रोगाने फार घट्ट केली असे मला वाटते. अमेरिकेत १९८९ मध्ये तातडीचे व अतिदक्षता पशुवैद्यक ही स्वतंत्र विशेष शाखा मानली गेली. मग २०१२ ची तत्त्वे आली: बहुतेक कुत्र्यांना कुशीवर आडवे करावे, मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबावी, छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत. हे करूनही वाचणारे थोडे असतात, शंभरात दहासुद्धा नाहीत. म्हणून हृदय थांबण्याच्या कितीतरी आधी संकट ओळखणे हेच या शाखेचे खरे काम होऊन बसले आहे.

आता सर्वांत जड आक्षेप. जिथे माणसाला रात्री खाट मिळत नाही, तालुक्याच्या गावी अपघातग्रस्ताला रक्त मिळत नाही, तिथे कुत्र्यासाठी अतिदक्षता विभाग मागणे शोभते का? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात कळवळा असतो, म्हणून त्याला उडवून लावणे बरे नाही. पण इतिहास वेगळे सांगतो. ज्या जमशेटजींनी पांजरपोळाला हात दिला, त्यांच्याच देणगीतून १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उभे राहिले. परळच्या ज्या टापूत बैलघोडा दवाखाना आहे, तिथेच हाफकिनची प्रयोगशाळा आहे आणि केईएम रुग्णालयही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावरचे प्रतिविष घोड्याच्या रक्तातून बनते, माणसाला टोचले जाते आणि साप चावलेल्या कुत्र्यालाही तेच टोचतात. माणसाची करुणा एका पेटीत ठरावीक मापाने भरलेली असते आणि कुत्र्याला दिली की माणसाची कमी होते, असा व्यवहार या शहराच्या इतिहासात तरी दिसत नाही. शिवाय रेबीज अजून गेलेला नाही. आपल्या कुत्र्याचा आवाज, गिळणे, चाल यांतला बदल वेळीच ओळखणारे घर शेजाऱ्यांचेही रक्षण करते.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडूनच येतो: लोकांना अर्धवट ज्ञान दिले की ते घरीच औषधे सुरू करतात. ही भीती अनुभवातून आलेली आहे. मांजराला ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी दिली जाते. मांजराच्या यकृतात ते औषध निकामी करणारे विकर पुरेसे नसते, रक्तातल्या तांबड्या पेशी बिघडतात, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि एका गोळीने मांजर दगावू शकते. विष बाहेर पडावे म्हणून मिठाचे पाणी पाजले जाते आणि त्यातून नवेच संकट उभे राहते. पण हे अपघात उपचार करण्याच्या घाईतून होतात, ओळखण्यातून नव्हे. ओळख शिकवलीच गेली नाही, म्हणून तर माणूस माजघरातल्या औषधांच्या डब्याकडे वळतो. बोका वारंवार लघवीला बसतो, ओरडतो, थेंब पडत नाही. घरचे बद्धकोष्ठ समजतात. मूत्रमार्ग तुंबलेला असतो, रक्तातले पोटॅशियम वाढत जाते आणि दोन-तीन दिवसांत हृदय थांबते. तोंड उघडून धापा टाकणारे मांजर गंमत म्हणून मोबाइलमध्ये टिपले जाते, पण कुत्र्यासारखी जीभ काढून श्वास घेणे मांजराच्या स्वभावात नाही आणि तो बहुधा धोक्याचा इशारा असतो. बसक्या नाकाचा पग जाहिरातीतून घराघरांत आला, विदर्भाच्या मे महिन्यात तो दुपारी कोसळला की त्याला गुंडाळून गाडीत घालतात; खरे तर आधी अंगावर नळाचे पाणी ओतून, वारा घालून मग निघायला हवे. प्राणी दुखणे लपवतात हे खरे आहे. म्हणूनच मोजता येतील अशा खुणा हव्यात: गाढ झोपेत मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास नकोत, हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी, ताप १०६ अंश फॅरनहाइटकडे सरकला तर क्षणही दवडायचा नाही.

२०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे पाच मजली प्राणी रुग्णालय उघडले, चोवीस तासांचे, अतिदक्षता विभागासह. परळपासून ते फार दूर नाही, पण तिथवर यायला एकशेचाळीस वर्षे गेली. मुंबई-पुण्याबाहेर चित्र झपाट्याने विरळ होते. सरकारची १९६२ या क्रमांकाची फिरत्या पशुवैद्यक पथकाची सेवा मुख्यतः पशुपालकांच्या दारी जाण्यासाठी आहे. जिल्ह्याच्या बहुतेक सरकारी दवाखान्यांत अजूनही गुरे आधी, आणि दुधावर चालणाऱ्या घरांचा विचार केला तर ते समजण्यासारखे आहे. पण त्याच दवाखान्यात रात्री एक डॉक्टर, एक प्राणवायूचे नळकांडे आणि लहान प्राण्यांच्या मापाच्या सुया ठेवायला नवी इमारत लागत नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एवढी सोय करण्याची मागणी जिल्हा परिषदेकडे लेखी व्हायला हवी, आणि ती कुत्री-मांजरे पाळणाऱ्यांनीच करायची आहे. तोवर ज्यांच्या घरी असा जीव आहे त्यांनी आज तो झोपल्यावर त्याचे श्वास मोजावेत, हिरड्यांचा नेहमीचा रंग पाहून ठेवावा आणि रात्री उघडा असणारा सर्वांत जवळचा दवाखाना कोणता ते दिवसाउजेडी विचारून त्याचा नंबर दाराशी लिहून ठेवावा.